काउबॉय ते वाटाड्या: अमेरिकेच्या पश्चिमेत घोड्यावरच्या सहलींचं काम कसं शिकावं

रँचवर काही हंगाम गुरं हाकलेल्या माणसाला घोड्याबद्दल फारसं शिकवावं लागत नाही. कोणता घोडा कशाला बुजतो, कोणाचा खूर दुखतोय, कोण आज बिनसलेला आहे, हे त्याला कुंपणापलीकडूनच कळतं. तरी तोच माणूस आठ पाहुण्यांना घेऊन पहिल्यांदा डोंगरात निघाला की त्याची कसोटी लागते. गुरांमागे तो एकटा स्वार असतो आणि घोडा त्याच्या मांडीच्या नुसत्या हालचालीवर वळतो. सहलीत आठ घोड्यांवर आठ नवखी माणसं बसतात आणि त्या सोळा जिवांची जबाबदारी त्याच्यावर येते.

हा लेख त्याच वाटेबद्दल आहे, आणि मी ती प्रामुख्याने वायोमिंग आणि मोंटानाच्या संदर्भात सांगतोय. अमेरिकेत वाढलेली, घोड्यांचं वेड असलेली मराठी मुलं-मुली हल्ली या कामाबद्दल विचारतात. पुण्या-मुंबईत रायडिंग शिकलेलेही विचारतात. त्या सगळ्यांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रमाणपत्रं, परवाने, गाठी मारणं हे सगळं शिकता येतं. काउबॉयकडे जी नजर असते, काही बिघडायच्या आत ते ओळखणारी, ती मात्र गुरांमागे आणि घोड्यांमध्ये दिवस काढूनच येते. म्हणून गुरांची पायरी गाळून थेट वाटाड्या होण्याची घाई करू नका.

हा धंदा आला कुठून

हॉवर्ड, विलिस आणि ऑल्डन हे ईटन बंधू पिट्सबर्गहून डकोटात आले आणि मेडोरा गावाजवळ त्यांनी रँच उभी केली. पूर्वेकडचे मित्र आणि मित्रांचे मित्र तिथे येऊन महिनोन्‌महिने राहायचे. शेवटी पाहुण्यांनीच खर्चाचे पैसे द्यायला सुरुवात केली. हा काळ १८८२ च्या आसपासचा. पुढे १८८६-८७ चा भयंकर हिवाळा आला, माळावर गुरं हजारोंनी मेली आणि नुसत्या गुरांवर पोट भरणं किती बेभरवशाचं आहे हे पशुपालकांना कळून चुकलं. थिओडोर रूझवेल्ट यांची रँच याच भागात होती आणि त्यांचंही त्या हिवाळ्यात मोठं नुकसान झालं. १९०४ मध्ये ईटन मंडळी वायोमिंगमध्ये शेरिडनजवळच्या वुल्फ इथे आली आणि ती रँच आजही पाहुणे घेते. शहरी पाहुण्याला पश्चिमेत ‘डूड’ म्हणत, म्हणून या रँचना डूड रँच हे नाव पडलं. १९२६ मध्ये त्यांची संघटनाही झाली.

म्हणजे गुरं आणि पाहुणे ही जोडी जुनी आहे. पाहुण्यांचे डॉलर अनेक रँचना दुष्काळात आणि पडत्या बाजारात तारून गेले आहेत, आणि काउबॉय पर्यटकांना फिरवतो यात कमीपणाचं काही नाही.

पायरी १: कामाचा हक्क तपासा

अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर हा भाग सोडून द्या. पर्यटक व्हिसावर रँचवर काम करता येत नाही. जेवण आणि निवाऱ्याच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरलं जातं, त्यामुळे ‘पगार घेणार नाही’ ही पळवाट नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांनाही विद्यापीठाबाहेर काम करायला रीतसर परवानगी लागते. परदेशातल्या विद्यापीठात पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी जे-१ व्हिसाखाली उन्हाळी कामाची योजना आहे. ती मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेमार्फतच मिळते आणि तिची मुदत जास्तीत जास्त ४ महिने असते. शेतीच्या हंगामी कामासाठी एच-२ए आणि इतर हंगामी कामासाठी एच-२बी आहे, पण त्यांचा अर्ज मालकाला करावा लागतो. तुम्हाला सोशल मीडियावरून ‘या, बाकी बघून घेऊ’ असं कोणी सांगितलं तर जाऊ नका.

पायरी २: रँचवर निदान एक पूर्ण वर्ष

रँचचं वर्ष असं फिरतं. फेब्रुवारी ते एप्रिल गाई विण्याचे दिवस. रात्री-बेरात्री थंडीत फेऱ्या मारून अडलेली गाय शोधायची. मे-जूनमध्ये वासरांना डाग देणं आणि लसी टोचणं. मग कळप डोंगरातल्या उन्हाळी कुरणांवर नेणं, तिथली कुंपणं दुरुस्त करणं, मिठाचे ठोकळे ठेवणं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विखुरलेली गुरं गोळा करून खाली आणणं, वासरं विकायला पाठवणं. आणि मग हिवाळाभर बर्फात वैरण टाकणं.

यातली दोन कामं पुढे वाटाड्याच्या रोजच्या उपयोगी पडतात. पहिलं म्हणजे कळप हलवणं. जुन्या काळी हजारो गुरं टेक्सासहून उत्तरेला नेताना स्वारांच्या जागा ठरलेल्या असत: सगळ्यात पुढे पॉइंट, त्यामागे दोन्ही बाजूंना स्विंग आणि फ्लँक, आणि शेवटी धूळ खात मागे राहिलेल्यांना हाकणारा ड्रॅग. ड्रॅगची जागा नवशिक्याला मिळायची. पण कळपाचा वेग ठरतो तो मागच्या, दमलेल्या, लंगड्या जनावरावरून. पुढचा स्वार हे विसरला की कळप तुटतो. पाहुण्यांच्या रांगेचंही अगदी तसंच आहे. चांगला वाटाड्या रांगेच्या पुढे असतो आणि त्याचं लक्ष शेवटच्या घोड्याकडे असतं.

दुसरं काम म्हणजे पहाटे घोडे आणणं. रात्री मोठ्या कुरणात सोडलेले घोडे उजाडायच्या आत शोधून, वळवून वाड्यात, म्हणजे घोड्यांच्या कुंपणाच्या आवारात, आणायचे. त्या वेळी कळपातले संबंध उघडे दिसतात. कोण पुढे धावतो, कोण कोणाला जवळ येऊ देत नाही, कोणत्या दोघांची जोडी आहे, रोजच्यापेक्षा मागे कोण रेंगाळतोय. हे सगळं मनात टिपून ठेवा. तासाभराने खोगीर चढवताना आणि पाहुण्यांना घोडे देताना याच माहितीवर सगळं अवलंबून असतं.

डूड रँच आपली उन्हाळी माणसं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये नक्की करतात. मे महिन्यात चौकशी केलीत तर उरलेलं काम मिळेल. पहिल्या हंगामात तुम्हाला बहुधा रँग्लर, म्हणजे घोडे सांभाळणारा, म्हणूनच घेतील. खरारा, खूर साफ करणं, लीद काढणं, खोगिरं, पाणी, वैरण. नालबंद आला की त्याच्या शेजारी उभे राहून घोडे धरा आणि तो काय बघतो ते बघा. खूर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी कापावे लागतात. खडकाळ वाटांवर नाल त्याआधीच सैल होतो आणि सैल नालाचा टपटप आवाज कानाला वेगळा लागतो. तो ओळखता यायला हवा.

पायरी ३: काही सवयी मोडाव्या लागतात

काउबॉय कमी बोलतो. घोड्याला शब्दांची गरज नसते आणि सोबतच्या माणसाला काम माहीत असतं. पाहुण्याला मात्र सगळं आधी सांगावं लागतं: पुढे उतार आहे, आता ओढा लागेल, तुझा घोडा मान खाली घालेल, घाबरू नकोस. न सांगितलेल्या गोष्टीने माणूस दचकतो, त्याच्या हातातला लगाम ताणला जातो आणि मग घोडा दचकतो.

वेगही सोडावा लागतो. गुरामागे चौखूर सुटण्यात जी मजा आहे ती रांगेत एकाने केली तर सगळे घोडे त्याच्यामागे सुटतात. दोर खोगिराला लटकवून मिरवू नका. नवख्या माणसाचा घोडा तुमच्या जवळून जाताना त्यात अडकू शकतो. आणि स्वतःसाठी घोडा निवडताना तिखट, चपळ गुरांचा घोडा घेऊ नका. वाटाड्याचा घोडा असा हवा की त्याच्यावर बसून तुम्ही दुसऱ्याचा लगाम हातात घेऊ शकाल, पूर्ण मागे वळून बसू शकाल, कुठेही उतरू शकाल, आणि तो जागचा हलणार नाही. माझ्या मते रँचवरचा सगळ्यात मोलाचा घोडा हाच.

पायरी ४: घोडा आणि स्वार जुळवणं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण डोंगरातले बहुतेक प्रसंग वाड्यातच ठरलेले असतात. चुकीच्या घोड्यावर बसवलेल्या माणसाला वाटेत कितीही सूचना दिल्या तरी उपयोग नसतो.

वजनापासून सुरुवात करा. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त भार देऊ नये हा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो होतात. वेस्टर्न खोगीर, गादी आणि बांधलेला रेनकोट मिळून १८-२० किलो सहज भरतं. म्हणजे स्वार सुमारे ७० किलोचा हवा. ६५० किलोचा, ओझ्याच्या जातीचं रक्त असलेला घोडा असेल तर स्वार ११० किलोपर्यंत चालतो. पाहुण्याला वजन विचारताना चारचौघांत विचारू नका. आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्या आणि तुमच्या रँचची मर्यादा तिथेच स्पष्ट सांगा. वाड्यात येऊन नकार ऐकणं कोणालाही अपमानास्पद वाटतं. पण वजन मर्यादेबाहेर असेल तर नकार द्यायचाच. घोड्याला बोलता येत नाही. त्याच्या पाठीची बाजू तुम्हीच घ्यायची आहे.

मग अनुभव. ‘तुम्हाला घोडेस्वारी येते का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही, कारण बरेच जण हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: शेवटचं कधी बसला होता? किती वेळ? लगाम तुमच्या हातात होता की कोणी धरून चाललं होतं? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या पाहुण्यांना आवर्जून विचारा. माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसलेला माणूस मनापासून सांगतो की मी बसलोय, आणि ते खरंच असतं. पण तिथे घोडेवाला शेजारून चालतो. इथे लगाम तुमचाच असतो आणि वाटाड्या स्वतःच्या घोड्यावर वीस-तीस फूट पुढे. अशा पाहुण्याला पहिलटकर समजूनच घोडा द्या आणि तसं प्रेमाने सांगा.

उत्तरांपेक्षा नजरेने जास्त कळतं. माणूस गाडीतून उतरून वाड्याकडे कसा येतो ते पाहा. घोड्यापाशी आल्यावर श्वास रोखतो का, हात मागे घेतो का, की सरळ मागून जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारतो? घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. मागून न बोलता येणारा माणूस धोक्यात असतो. जास्त बोलणारा, हसणारा पाहुणा बहुतेकदा घाबरलेला असतो; त्याला शांत, आळशी म्हणता येईल असा घोडा हवा. ज्याचे हात सतत हलतात त्याला तोंडाने हळवा घोडा देऊ नये, कारण तो लगाम ओढत राहणार आणि घोडा मान झटकत राहणार. लहान मुलाला लहान घोडाच हवा असं नाही. पुष्कळदा वयस्क, मोठा, अनुभवी घोडा मुलाला जास्त सांभाळून नेतो, आणि खोडकर पोनी त्याला गवतात नेऊन उभं करतो.

आता रांग लावा. पहाटे जे पाहिलं ते इथे वापरायचं. लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात आणि त्याला शेवटी ठेवतात. एकमेकांशी न पटणारे घोडे लागोपाठ येऊ देऊ नका. आई आणि मूल असेल तर मूल पुढे आणि आई त्याच्या लगेच मागे. मूल दिसत राहिलं की आई शांत राहते आणि तिचा घोडाही. सगळ्यात कच्चा स्वार वाटाड्याच्या लगेच मागे हवा. दुसरा वाटाड्या असेल तर तो ड्रॅगला.

जुळवलेली जोडी वाड्यातच दोन फेऱ्या मारून तपासा: थांबवा, वळवा, पुन्हा चालवा. पटत नसेल तर तिथेच बदला. पाहुणा नाराज होईल, उशीर होईल, हरकत नाही. बहुतेक राज्यांत घोड्यांच्या खेळांसाठी आणि सहलींसाठी दायित्वाचे वेगळे कायदे आहेत. घोड्याच्या स्वभावातून येणारा धोका पाहुण्याने पत्करलेला असतो असं ते मानतात. पण स्वाराची कुवत न पाहताच घोडा दिला, किंवा सदोष सामान वापरलं, तर ते संरक्षण अनेक ठिकाणी उरत नाही. पाहुण्याची सही घेतली म्हणजे संपलं, असं समजू नका.

पायरी ५: चढण्याआधी

तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, तीनदा तपासा: खोगीर घालताना, पाहुणा चढायच्या अगदी आधी, आणि निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात आणि चालायला लागल्यावर तो ढिला पडतो. दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट हवा. चढण्यासाठी ओटा किंवा ठोकळा वापरायला लावा. जमिनीवरून रिकिबीला लोंबकळत चढणाऱ्या माणसाचं सगळं वजन घोड्याची पाठ एका बाजूला पिळतं.

बूट टाचेचे हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार सरकत नाही. पडलेल्या माणसाचा पाय रिकिबीत अडकणं हा सगळ्यात भीषण प्रसंग, म्हणून पाहुणा स्पोर्ट शूज घालून आला असेल तर रँचवर ठेवलेले बूट द्या. हेल्मेटचा आग्रह धरा. पुष्कळ जुने काउबॉय ते घालत नाहीत आणि पाहुण्यालाही टोपीचा फोटो हवा असतो, पण तुम्ही स्वतः घातलंत तर पाहुणे वाद घालत नाहीत.

सूचना पाचच द्या, जास्त लक्षात राहत नाहीत: टाच खाली, नजर वर, पुढच्या घोड्यापासून एका घोड्याइतकं अंतर, घोड्याला चरू देऊ नका, काही अडलं तर मोठ्याने हाक मारा.

पायरी ६: वाटेवर

चालीनेच जायचं. घोडा साध्या चालीने ताशी सहा-साडेसहा किलोमीटर जातो, चढावर त्याहून कमी. दुडकी हवीच असेल तर सपाट जागी, सगळ्यांना आधी सांगून, आणि परतीच्या वाटेवर अजिबात नाही. घराकडे तोंड असलेल्या घोड्याला वेग दिला की तो थांबत नाही.

ओढा ओलांडताना घोडे पाणी प्यायला थांबतात. पुढचे निघून गेले तर मागे राहिलेला घोडा तहानलेलाच धावत सुटतो, म्हणून सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत थांबा. फाटकाचंही तसंच: शेवटचा स्वार पार झाल्याशिवाय हलायचं नाही, आणि फाटक जसं मिळालं तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. तुमच्यामुळे कोणाची गुरं रस्त्यावर गेली तर तुमच्या नावाला बट्टा लागतो, आणि या भागात सगळे एकमेकांना ओळखतात.

उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीतल्या गांधीलमाशांपासून सावध राहा. पहिला घोडा पोळं हलवतो आणि डंख तिसऱ्या-चौथ्याला बसतात. मागून घोडा उधळल्याचा आवाज आला तर पुढे सरका, रांग तिथून लवकर बाहेर काढा, थांबून बघत बसू नका. पायी चालणारे भेटले तर त्यांना उताराच्या बाजूला उभं राहून आपल्याशी बोलत राहायला सांगा. पाठीवर मोठी सॅक घेतलेला, गप्प उभा माणूस घोड्याला माणूस वाटतोच असं नाही.

रॉकीजमध्ये जुलै-ऑगस्टला दुपारी ढग जमतात. उघड्या माथ्यावरून दुपारच्या आत खाली यायचं असा बेत सकाळीच करा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, पाहुण्यांना उतरवून एकमेकांपासून दूर ठेवा.

ग्रिझली अस्वलांच्या भागात अस्वलाचा स्प्रे आपल्या अंगावर, पट्ट्यात ठेवा. खोगिराच्या पिशवीत ठेवलात आणि घोडा तुम्हाला पाडून पळाला, तर स्प्रेही त्याच्याबरोबर गेला. सॅटेलाइट फोन, रेडिओ, प्रथमोपचाराच्या निवडक वस्तू यांनाही हाच नियम. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, आणि गवे, एल्कसारख्या इतर प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. घोड्यावर असलात तरी तो लागू आहे. पाहुणा फोटोसाठी पुढे जायचा हट्ट करेल. रांग वळवा आणि चला.

आणि एखादा घोडा पाहुण्याला घेऊन सुटलाच तर? त्याच्यामागे चौखूर जाऊ नका. मागून टापा ऐकू आल्या की तो शर्यत समजून आणखी पळतो, आणि इकडे बाकीचे सात सुटतात. उरलेली रांग जागच्या जागी थांबवा, स्वाराला मोठ्या, शांत आवाजात एक लगाम ओढून घोड्याला गोल फिरवायला सांगा. पहिल्या दिवशी वाड्यात हे सगळ्यांकडून करून घेतलेलं असेल तरच त्या क्षणी ते त्याला आठवेल. कोणी पडलं तर लगेच उठवू नका. आधी घोडे सुरक्षित, मग माणूस. नाहीतर एका जखमीचे तीन होतात.

पायरी ७: प्रथमोपचार आणि प्रमाणपत्रं

शहरातला साधा प्रथमोपचार अभ्यासक्रम इथे पुरत नाही, कारण रुग्णवाहिका तासाभरात येईल ही त्याची गृहीत धरलेली गोष्टच डोंगरात खोटी ठरते. वाइल्डरनेस फर्स्ट एड हा साधारण १६ तासांचा, दोन दिवसांचा अभ्यासक्रम किमान म्हणून करा. मुक्कामी सहली न्यायच्या असतील तर वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, साधारण ७० ते ८० तासांचा. वायोमिंगमधल्या लँडर गावी मुख्यालय असलेली नोल्स ही १९६५ पासूनची संस्था हे दोन्ही शिकवते. घोड्यांच्या बाजूने सर्टिफाइड हॉर्समनशिप असोसिएशन वाटाड्यांसाठी वेगळं प्रमाणपत्र देते. ते सक्तीचं नसतं, पण तुम्ही गुरांच्या रँचवरून येत असाल आणि पाहुण्यांचा अनुभव दाखवता येत नसेल, तर पहिल्या मुलाखतीत त्याची मदत होते.

पायरी ८: परवाने

राष्ट्रीय वनांत पैसे घेऊन माणसं न्यायची तर वन सेवेचा विशेष वापर परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानांत तिथलं कंत्राट किंवा व्यावसायिक वापराची परवानगी. हे परवाने धंद्याच्या मालकाकडे असतात आणि वाटाड्या त्याखाली काम करतो. म्हणून नोकरीला लागताना मालकाला विचारा की परवाना कोणत्या वाटांचा आहे. त्याबाहेरच्या वाटेवर पाहुणे नेणं हा गुन्हा ठरू शकतो.

राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. वायोमिंग आणि मोंटानात राज्याच्या मंडळाचा परवाना मुख्यतः शिकारीच्या सहलींना लागतो, मोंटानात मासेमारीलाही. आयडाहोचा कायदा त्यापलीकडच्या डोंगरी सहलींनाही लागू होतो. शरद ऋतूत शिकारी छावणीवर काम करायचा विचार असेल तर हे कागद उन्हाळ्यातच करून ठेवा.

पायरी ९: मुक्कामी सहली

यात खरी कला सामान लादण्याची आहे. खेचरावर सुमारे ६५-७० किलो भार घालतात. दोन्ही बाजूंच्या पेट्या तराजूवर तोलून सारख्या करायच्या. किलोभराचा फरकही चार तासांत खोगीर एका बाजूला ओढतो आणि पाठीला जखम करतो. सॉबक आणि डेकर ही दोन प्रकारची ओझ्याची खोगिरं शिकून घ्या, मग डायमंड हिच ही गाठ. खेचरं एकामागे एक बांधताना मध्ये मुद्दाम कच्च्या दोरीचा एक तुकडा ठेवतात. एक खेचर कड्यावरून घसरलं तर तो तुटतो आणि बाकीची वाचतात.

छावणी पाण्यापासून ६० मीटर लांब. घोडे झाडाच्या खोडाला बांधायचे नाहीत. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दावण ताणायची आणि खोडांना रुंद पट्टे लावायचे, म्हणजे साल सोलली जात नाही. पश्चिमेतल्या वनांत सोबत नेलेली वैरण तणमुक्त असल्याचं प्रमाणित लागतं, कारण लिदेतून परक्या तणाचं बी कुरणात पसरतं. अन्न अस्वलाच्या आवाक्याबाहेर, जमिनीपासून १० फूट वर आणि खोडापासून ४ फूट दूर टांगायचं, किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या पेट्यांत ठेवायचं.

पायरी १०: सांगण्यासारखं काही

पाहुणा डोंगर बघायला येतो आणि त्याला तो वाचता येत नाही. लॉजपोल पाइनच्या सरळ खोडांना ते नाव का पडलं, तर माळावरच्या मूळ रहिवाशांच्या टिपी, म्हणजे तंबू, त्यांवर उभ्या राहायच्या. सेजब्रशचा वास, कुंपणावर बसून गाणारा मेडोलार्क, एल्कच्या शिंगांनी सोललेली झाडं. बिगहॉर्न पर्वतावरच्या दगडी मेडिसिन व्हीलबद्दल सांगाल तेव्हा ते क्रो, शायेन आणि इतर अनेक लोकांचं आजही पवित्र स्थान आहे हे सांगा. तो फोटोचा नुसता ठिकाणा नाही. जे माहीत नाही त्याची गोष्ट रचून सांगू नका. पाहुणा ती घरी जाऊन मुलांना सांगतो.

चालता चालता मागे वळून बोलू नका, चौथ्या घोड्यापुढे कोणाला ऐकू जात नाही. रुंद जागी थांबा, घोडा रांगेकडे वळवा, मग बोला.

पगार, हिवाळा आणि पुढचा टप्पा

हंगाम मेअखेर ते सप्टेंबर. बहुतेक ठिकाणी महिन्याचा पगार, राहणं-जेवण आणि पाहुण्यांची टिप असा हिशेब असतो. टिप सगळ्यांत वाटली जाते का हे आधी विचारा. सप्टेंबर ते नोव्हेंबर शिकारी छावण्या, हिवाळ्यात गुरांना वैरण, फेब्रुवारीपासून गाई. अनेक जण असंच वर्ष जोडतात. मला हा क्रम चांगला वाटतो, कारण दरवर्षी काही महिने गुरांमागे राहिलेल्या वाटाड्याची नजर बोथट होत नाही.

स्वतःचा धंदा काढायची इच्छा पाच-सहा वर्षांनी होतेच. वन सेवेचे नवे परवाने सहज मिळत नाहीत, म्हणून बरेच जण चालू धंदा, घोडे आणि सामानासकट विकत घेतात. इथे जपा: परवाना धंद्याबरोबर आपोआप तुमच्या नावावर होत नाही. विक्री झाली की जुना परवाना संपतो आणि नव्या मालकाला स्वतः अर्ज करावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी त्या भागाच्या वन कार्यालयात जाऊन डिस्ट्रिक्ट रेंजरला भेटा, कोणत्या वाटा आणि किती दिवसांचा वापर मंजूर होऊ शकेल हे लेखी विचारा, विमा कंपनीकडून दर घ्या, आणि प्रत्येक घोड्याचे पाय स्वतंत्र पशुवैद्याकडून तपासून घ्या.